शेपटीची ताकद संपते तिथे: एफ-16 चा डीप स्टॉल

लढाऊ विमान जवळजवळ उभं चढतंय. वेग संपत आलाय. नाक खाली आणण्यासाठी आडवी शेपटी शेवटच्या टोकापर्यंत वळलेली आहे, तरी नाक खाली येत नाही. थोड्याच वेळात विमान पोटावर आडवं पडल्यासारखं खाली येऊ लागतं. पंखांची उचल तुटून विमान असं अडकून बसतं, त्या अवस्थेला डीप स्टॉल म्हणतात. हे प्रकरण अशा एका प्रसंगाचं, आणि त्याच्या आधी-नंतर घेतलेल्या निर्णयांचं आहे. विमान अमेरिकेचं एफ-16, काळ 1970 च्या दशकाचा उत्तरार्ध आणि पुढची काही वर्षं. चाचणी वैमानिकांची नावं इथे घेतलेली नाहीत. गंमत म्हणजे नासाने या विषयावर जो मोठा अहवाल डिसेंबर 1979 मध्ये छापला, त्याच्या शीर्षकातही विमानाचं नाव नाही. ‘शिथिल स्थैर्य असलेलं एक लढाऊ विमान’ एवढंच म्हटलंय.

पार्श्वभूमी

नेहमीचं विमान स्थिर असतं. त्याचा गुरुत्वमध्य पुढे आणि उचलीचा मध्य त्याच्या मागे असतो, त्यामुळे हवेच्या झोतानं नाक वर गेलं तरी ते आपोआप जागेवर येतं. या सोयीची किंमत शेपटी मोजते. नाक खाली झुकू नये म्हणून तिला सतत खालच्या दिशेनं जोर लावावा लागतो, आणि तो जोर पंखांनी कमावलेल्या उचलीतून वजा होतो. वळण जितकं घट्ट, तितकी ही वजाबाकी मोठी.

फोर्ट वर्थच्या जनरल डायनॅमिक्स या विमान कंपनीत हॅरी हिलेकर यांच्या चमूनं ही वजाबाकीच नको असं ठरवलं. गुरुत्वमध्य मागे सरकवला, पंखाच्या सरासरी जीवेच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या) सुमारे 35 टक्क्यांवर. त्यामुळे ध्वनीपेक्षा कमी वेगात विमान किंचित अस्थिर झालं. ध्वनीचा वेग ओलांडला की उचलीचा मध्य मागे सरकतो आणि तेच विमान स्थिर होतं, पण फार ताठर होत नाही. हलकं, चपळ विमान हवं असेल तर हा सौदा फायद्याचा होता.

अस्थिर विमान उडवणं म्हणजे तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ. हात क्षणभरही थांबला की काठी पडली. हे काम माणसाच्या प्रतिक्रियेच्या वेगात बसत नाही, म्हणून ते संगणकाकडे गेलं: चार समांतर वाहिन्यांची अ‍ॅनालॉग फ्लाय-बाय-वायर यंत्रणा. वैमानिकाच्या स्टिकचा, म्हणजे हातातल्या नियंत्रण-दांड्याचा, शेपटीशी थेट सांधा उरला नाही. वैमानिक फक्त मागणी करणार, शेपटी किती हलवायची ते संगणक ठरवणार. या पावलाबद्दल खुद्द रचनाकारांनाही धाकधूक होती. यंत्रणा फसलीच तर पंख थोडे मागे सरकवून विमान पुन्हा नेहमीसारखं स्थिर करता यावं, अशी सोय त्यांनी मूळ रचनेत ठेवली होती. ती वापरायची वेळ आली नाही.

पहिला धक्का मात्र जमिनीवरच बसला. 20 जानेवारी 1974 रोजी अमेरिकी हवाई दलाच्या एडवर्ड्स तळावर वायएफ-16 ची, म्हणजे एफ-16 च्या चाचणी नमुन्याची, धावपट्टीवरची वेगवान चाचणी सुरू होती, उड्डाण ठरलेलं नव्हतं. विमान डावी-उजवीकडे डोलायला लागलं, आडवी शेपटी धावपट्टीला घासली, आणि थांबण्यापेक्षा उडणं बरं असा निर्णय वैमानिकाने घेतला. सहा मिनिटं उडून तो सुखरूप उतरला. डोलण्याचं कारण होतं रोलमधली, म्हणजे डाव्या-उजव्या कुशीवर कलण्यातली, यंत्रणेची जरुरीपेक्षा जास्त तीव्र प्रतिक्रिया. अधिकृत पहिलं उड्डाण 2 फेब्रुवारीला झालं. या प्रसंगाचा डीप स्टॉलशी थेट संबंध नाही, पण कागदावर जुळवलेली यंत्रणा खऱ्या हवेत वेगळी वागू शकते हे तेव्हाच दिसलं होतं.

नाकाचा कोन आणि अल्फा

पुढचं समजायला एक फरक पक्का हवा. नाक क्षितिजाच्या किती वर आहे हा एक कोन. पंख समोरून येणाऱ्या हवेला किती अंशांनी भिडतोय हा दुसरा. त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात आणि वैमानिकांच्या बोलण्यात तो ‘अल्फा’ असतो. नाक 80 अंश वर असूनही विमान त्याच दिशेनं सरळ चढत असेल, तर अल्फा अगदी कमी. उलट नाक क्षितिजाखाली 30 अंश झुकलेलं आहे आणि विमान थेट खाली पडतंय, तर अल्फा 60. बाहेर बघणाऱ्याला पहिलं दृश्य भयंकर वाटेल. जीव घेणारं दुसरं आहे.

एफ-16 च्या संगणकात अल्फा सुमारे 25 अंशांवर रोखणारा मर्यादक होता. वैमानिकाने स्टिक कितीही ओढली तरी त्यापुढे नाक जाणार नाही, असं गृहीत धरून बरीच चर्चा चाले. मग 25 अंशांच्या पलीकडे काय आहे हे कशाला बघायचं?

अडचण

व्हर्जिनियातल्या नासाच्या लँगली केंद्रानं नेमकं तेच बघितलं. तिथलं मोठं वातविवर, म्हणजे विंड टनेल, 30 फूट बाय 60 फूट तोंडाचं. त्यात विमानाची प्रतिकृती बसवून खूप मोठ्या अल्फापर्यंतचे जोर मोजले गेले. ते आकडे दोन मोठ्या गोल घुमटांच्या सिम्युलेटरमध्ये घातले आणि वैमानिकांना त्यावर लढायला बसवलं. हवाई कुस्तीत विमान कुठे निसटतं हे अशा ठिकाणी बसल्या जागी कळतं.

आकड्यांतून निघालेलं चित्र असं होतं. शेपटी नाक खाली आणण्याच्या दिशेनं पूर्ण, म्हणजे 25 अंश वळवली, तर कमी अल्फावर नाक खाली नेणारा जोर भरपूर मिळतो. अल्फा वाढत जातो तसा हा जोर घटतो, पुढे एका टप्प्यावर तो शून्याला पोचून उलटतो, आणि मग 60 अंशांच्या आसपास पुन्हा शून्य होतो. हा दुसरा शून्यबिंदू घातक, कारण तो स्थिर आहे. नाक तिथून थोडं वर गेलं तर खाली ढकललं जातं, थोडं खाली गेलं तर वर. जे विमान जन्मानं अस्थिर, ते नेमकं नको त्या जागी स्थिर होतं. वाटीच्या तळाशी गोटी बसावी तसं.

असं का होतं? एफ-16 च्या पंखांच्या मुळाशी पुढे पसरलेले धारदार कंगोरे आहेत. मोठ्या अल्फावर ते जोरकस भोवरे काढून उचल देतात. ती उचल गुरुत्वमध्याच्या पुढे लागते आणि नाक वर नेते. गुरुत्वमध्य आधीच मागे असल्यामुळे बाकीचं विमानही ते फारसं रोखत नाही. ओझं सगळं शेपटीवर येतं. पण अल्फा 60 असताना शेपटी वाऱ्यात आडव्या धरलेल्या फळीसारखी झालेली असते. तिला आणखी 25 अंश फिरवून जोर फारसा वाढत नाही.

डीप स्टॉल हा शब्द तेव्हा नवा नव्हता. 1963 मध्ये बीएसी वन-इलेव्हन हे प्रवासी विमान चाचणी उड्डाणात याच अवस्थेत कोसळलं होतं. तिथे कारण वेगळं होतं: शेपटी उंचावर, टी अक्षरासारखी, आणि मोठ्या अल्फावर ती पंखांमागच्या मेलेल्या हवेत बुडते. एफ-16 ची शेपटी खाली असल्यामुळे तो धोका इथे नाही असं वाटणं स्वाभाविक होतं.

पहिला निर्णय: कोणाचे आकडे खरे?

इथे प्रकरण रंगतं. इतर वातविवरांतल्या मोजमापांत हा स्थिर शून्यबिंदू दिसत नव्हता, त्यामुळे लँगलीच्या इशाऱ्याकडे काहीशा साशंकतेनं पाहिलं गेलं. यात कोणाला मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. मोठ्या अल्फावर प्रतिकृतीचा आकार, तिला धरणारा दांडा, हवेचा वेग, कंगोऱ्यांच्या धारेतला बारीकसा फरक, यांपैकी काहीही भोवरे हलवू शकतं. आणि शून्याच्या आसपासचा जोर मोजताना छोटी चूक निकालच उलटवते: जोर किंचित खाली असेल तर विमान सुटतं, किंचित वर असेल तर अडकतं.

माझ्या मते प्रश्न विचारण्यातच गफलत होती. ‘कोणते आकडे बरोबर?’ यावर दोन प्रयोगशाळा वर्षभर वाद घालू शकतात. ‘दोन मोजमापांत मतभेद आहे, आणि त्यातलं वाईट मोजमाप खरं निघालं तर विमान वाचेल का?’ हा प्रश्न लवकर सुटतो. चाचणी विमानाला आपत्कालीन पॅराशूट बसवणं हे याच प्रश्नाचं उत्तर होतं. वाद मिटला नव्हता, पण दोर बांधून ठेवला होता.

आकाशात काय झालं

एडवर्ड्सच्या मोठ्या अल्फाच्या चाचण्यांत विमान एका उभ्या चढाईत, वेग संपत आलेला असताना, मर्यादकाच्या पलीकडे गेलं आणि लँगलीने सांगितलेल्या अवस्थेत जाऊन बसलं. शेपटी पूर्ण वळलेली, नाक खाली येत नाही. वैमानिकाने आपत्कालीन पॅराशूट उघडलं, शेपटीला मागून ओढ बसली, नाक खाली गेलं आणि विमान वाचलं.

मर्यादक असताना विमान तिथे पोचलं कसं? हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 400 नॉटवरून वेग 100 वर आला की शेपटीची ताकद चौथ्या हिश्शावर येत नाही, सोळाव्या हिश्शावर येते. त्याच वेळी गुरुत्वाकर्षण विमानाचा मार्ग खाली वाकवत असतं. नाक वरच, मार्ग खाली, म्हणजे अल्फा वाढत जातो. मर्यादक इमानेइतबारे शेपटीला पूर्ण वळवतो, पण तिथे पकडायला हवाच नाही. त्यात वैमानिकाने विमान रोल केलं असेल तर आणखी भर. लढाऊ विमानाचं वजन लांबट धडात पुढे-मागे पसरलेलं असतं. डंबेल हवेच्या दिशेभोवती गरगरा फिरवलं की त्याची दोन टोकं बाहेर फेकली जाऊ पाहतात, आणि नाक वर उसळतं. हा जोर जडत्वाचा आहे. वेग घटला म्हणून तो हवेच्या जोरासारखा कमी होत नाही, त्याला अडवणारी शेपटी मात्र दुबळी झालेली असते.

कॉकपिटमधून ही अवस्था फसवी दिसते. गिरकी नाही, मोठा हादरा नाही. नाक क्षितिजाच्या थोडं खाली, सावकाश वर-खाली झुलतंय. अल्फाचा काटा 32 वर अडकलेला, कारण त्याच्यापुढे आकडेच नाहीत. वेगाचा काटा जवळपास निकामी. फक्त उंचीचा काटा सुसाट फिरतोय. ढोबळ हिशोब मांडला तर, 20,500 पौंडांचं विमान, 300 चौरस फुटांचे पंख, पोटावर पडलेलं, म्हणजे खाली येण्याचा वेग सेकंदाला 200 फुटांच्या घरात येतो. मिनिटाला बारा हजार फूट.

समोरच्या वाटा

गुरुत्वमध्य पुढे आणणं ही सर्वांत सरळ वाट. पण मग विमानाचा सगळा फायदाच गेला. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच सोडून द्यायचं. मर्यादक आणखी खाली, समजा 20 अंशांवर आणणं स्वस्त होतं, पण उभ्या चढाईत अडचण मर्यादकाच्या आकड्याची नव्हतीच, शेपटीच्या ताकदीची होती. आपत्कालीन पॅराशूट चाचणी विमानाला शोभतं. प्रत्येक लढाऊ विमानावर ते वजन आणि त्याची देखभाल कोण वागवणार? वैमानिकांना ‘उभ्या चढाईत वेग घालवू नका’ असं बजावणं सोपं, पण हवाई लढाईत हीच चढाई जीव वाचवते.

शेपटी मोठी करणं हा खरा उपाय. मात्र त्याला नवे भाग लागणार, संगणकाची नवी जुळवणी लागणार, आणि तोवर तयार झालेल्या विमानांचं काय, हा प्रश्न उरतोच.

उरली एक विचित्र वाट: वैमानिकाला संगणकाला बाजूला सारू देणं. ज्या विमानाचा पायाच ‘माणसाला हे जमणार नाही’ हा होता, त्यात माणसाच्या हाती थेट शेपटी द्यायची.

काय केलं

लँगलीच्या सिम्युलेटरवर ही वाट तपासली गेली. वाटीतल्या गोटीकडे परत या. गोटी एका धक्क्यानं काठाबाहेर जात नसेल, तर वाटी तालात हलवायची. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला आपण एकदाच जोर लावून उंच नेत नाही, तो मागे आला की ढकलतो, पुन्हा आला की पुन्हा. 60 अंशांवर शेपटीची ताकद कमी झालेली असते, संपलेली नसते. नाकाच्या झुलण्याच्या तालात ती वापरली तर प्रत्येक हेलकाव्याला झोका वाढतो, आणि एका झोक्यात नाक काठ ओलांडून खाली कोसळतं. तिथून वेग येतो आणि विमान पुन्हा ताब्यात.

संगणक हे करू देत नव्हता. अल्फा मर्यादेपलीकडे गेला की तो शेपटी नाक खाली आणण्याच्या दिशेला पूर्ण वळवून तिथेच धरून ठेवतो. तर्कानं त्याचं बरोबर आहे, पण टोकाला धरून ठेवलेल्या शेपटीला झोका देता येत नाही. झोक्याची सुरुवात उलटी करावी लागते: आधी स्टिक मागे ओढून नाक आणखी वर न्यायचं, ते खाली परतू लागलं की स्टिक पूर्ण पुढे. स्टॉलमध्ये असताना स्टिक मागे ओढायची नाही, हे उड्डाणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. इथे जगायचं असेल तर ओढावी लागते.

म्हणून उत्पादनातल्या विमानांत डाव्या बाजूला एक कळ आली, मॅन्युअल पिच ओव्हरराइड. वैमानिकाने ती डाव्या हातानं दाबून धरायची, तेवढा वेळ शेपटी स्टिकचं थेट ऐकते. ती सोडली की पुन्हा संगणकाचं राज्य. कळ टिकून राहणारी न करता दाबून धरावी लागणारी केली, हा छोटा पण शहाणपणाचा निर्णय. विसरून चालू राहिली असती तर नेहमीच्या उड्डाणात तिनंच घात केला असता.

दुसरीकडे शेपटीही मोठी झाली. 1981 पासून आलेल्या ब्लॉक 15 या उत्पादन-टप्प्यातल्या विमानांना पंचवीस-तीस टक्के मोठी आडवी शेपटी मिळाली. याचं श्रेय एकट्या डीप स्टॉलला देता येणार नाही, नव्या शस्त्रभारालाही तिची गरज होती. पण नाक खाली आणण्याची शिल्लक वाढली हे खरं.

परिणाम

झोक्याचा एक फेरा साधारण तीन सेकंदांचा. वरच्या हिशोबानं एका फेऱ्यात 600 फूट जातात. दोन-तीन फेऱ्यांत विमान सुटलं तर बाराशे ते अठराशे फूट, आणि सुटल्यावर सूर मारून वेग मिळवायला आणखी कितीतरी. उंचीवर हे सगळं आटोपशीर आहे. कमी उंचीवर तीच युक्ती निरुपयोगी, तिथे खुर्चीसकट बाहेर पडणं हाच मार्ग. ताल चुकला तरी फेरा वाया जातो. विमानाआधी आपण धावलो तर झोका वाढण्याऐवजी मरतो. घाबरलेल्या माणसाला सावकाश वागायला लावणं हे या युक्तीतलं सर्वांत अवघड काम असावं.

लँगलीची आकडेवारी मात्र सर्वमान्य झाली. ज्या अहवालाबद्दल सुरुवातीला लिहिलं, त्याच आकड्यांवर बेतलेलं एफ-16 चं गणिती प्रतिमान आज नियंत्रणशास्त्र शिकणारे जगभरचे विद्यार्थी लॅपटॉपवर चालवतात. गुरुत्वमध्य 35 टक्के, वजन 20,500 पौंड, शेपटी अधिक-उणे 25 अंश, हे आकडे अनेकांना तोंडपाठ असतात. ते आकडे कशासाठी गोळा झाले होते, ते फार थोड्यांना ठाऊक असतं.

वेगळं काय करता आलं असतं

मर्यादकाला सगळे भिंत समजत होते. तो खरं तर शेपटीच्या खात्यावर काढलेला धनादेश आहे. खात्यात पैसे नसले तर सही कितीही सुबक असो, वटत नाही. अस्थिर विमानाची रचना सुरू करतानाच ‘प्रत्येक अल्फावर, शेपटी पूर्ण वळवल्यावर, नाक खाली नेणारा जोर किती शिल्लक राहतो?’ हा आलेख 90 अंशांपर्यंत मागायला हवा होता.  पुढे लँगली आणि अमेरिकी नौदलाने ही शिल्लक किती असावी याचे निकषच तयार करायला घेतले.

दुसरं, दोन वातविवरांचे आकडे जुळत नाहीत ही बातमी स्वतःच एक मोजमाप होती. त्या भागात हवा लहरी आहे एवढं तिनं सांगितलं होतंच. अशा वेळी सरासरी काढणं किंवा सोयीचं मोजमाप निवडणं, दोन्ही धोक्याचं. पॅराशूट बसवलं होतं म्हणून हे प्रकरण चाचणीच्या अहवालात संपलं, अपघाताच्या चौकशीत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर माझं मन अजून बनलेलं नाही. झोका संगणकानेच का देऊ नये? नाकाचा वेग त्याला माणसापेक्षा नेमका कळतो, तो घाबरत नाही, ताल चुकवत नाही. त्या काळच्या अ‍ॅनालॉग यंत्रणेत हे बसवणं जड गेलं असतं हे मान्य. पण डिजिटल संगणक आल्यावर हा प्रश्न पुन्हा मांडण्याजोगा होता. विरुद्ध बाजूनं एवढंच म्हणता येईल की, ‘आपण डीप स्टॉलमध्ये आहोत’ हे चुकीनं ओळखून संगणकाने भलत्या वेळी नाक वर खेचलं तर काय, याची खात्री कोण देणार.

शेपटीवरचं अवलंबित्वच तोडण्याची वाटही निघाली. 1993-94 मध्ये व्हिस्टा नावाच्या खास एफ-16 ला दिशा बदलणारा नोझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणारं तोंड, लावून ते मोठ्या अल्फावर नेलं गेलं. हवा नसली तरी इंजिनाचा झोत असतो. आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला जुळणी झालेल्या सुखोई-30 एमकेआयमध्येही झोत वळवणारे नोझल आहेत. आणि तेजसला तर आडवी शेपटीच नाही, नाक सांभाळण्याचं काम पंखांच्या मागच्या कडेवरच्या पाळ्या करतात. त्याच्या नियंत्रणाचे नियम प्रत्यक्ष तेजस उडण्याआधी साडेचार वर्षं, जुलै 1996 मध्ये, अमेरिकेत याच व्हिस्टा विमानावर घालून उडवून पाहिले होते.